मूलपेशींची ओळखपरेड

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. माझी चुलत बहीण, जिला आम्ही सगळे आपा म्हणतो, एक जाडजूड फाईल घेऊन घरी आली. तिच्या धाकट्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. या आजारात स्नायूंना लागणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात. पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठायला मांड्यांवर हात टेकणारा माझा भाचा आता अकरा वर्षांचा आहे आणि चाकाच्या खुर्चीत बसतो.

फाईल एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्राची होती. मुलाच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या ‘स्टेम सेल’ वेगळ्या करायच्या आणि त्या परत शरीरात सोडायच्या. असं तीन वेळा. खर्च काही लाख. दाजींनी गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायची बोलणीही सुरू केली होती. फाईलमध्ये नमुन्यादाखल एक रिपोर्ट लावला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सीडी ३४ पॉझिटिव्ह’.

मी पानं उलटत होतो, तेवढ्यात आपानं विचारलं, “भाई, येइच स्टेम सेल है करके उनको कैसे समज्या?”

मी गप्प झालो. मी डॉक्टर नाही. इतिहासावर लिहिणारा माणूस आहे. कुणी म्हणालं की अमुक किल्ला अमुक साली बांधला, तर ‘हे कळलं कशावरून?’ असं विचारायची मला सवय आहे. शिलालेख आहे का, फर्मान आहे का, की फक्त ऐकीव गोष्ट? आपानं तोच प्रश्न एका पेशीबद्दल विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी त्या प्रश्नाचाच इतिहास वाचायला घेतला. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

शब्द आधी, पेशी नंतर

स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. मूळ शब्द जर्मन. १८६८ मध्ये अर्न्स्ट हेकेल या जीवशास्त्रज्ञानं तो वापरला. जर्मन भाषेत वंशवृक्षासाठी जो शब्द आहे, त्याच्याच पहिल्या भागापासून तो बनलेला आहे. आपल्या घरांत वंशवृक्षाला शजरा म्हणतात. हेकेलच्या डोळ्यांपुढे साऱ्या सजीवांचा शजरा होता आणि त्याच्या मुळाशी असलेल्या एकपेशीय पूर्वजाला त्यानं हे नाव दिलं. म्हणजे शब्द आधी आला. शरीरात अशी पेशी दाखवणं पुढे कित्येक वर्षं कुणाला जमलं नाही.

१९०९ मध्ये अलेक्झांडर मॅक्सिमॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये एक मांडणी केली. रक्तातल्या तांबड्या, पांढऱ्या अशा सगळ्या पेशी एकाच प्रकारच्या मूळ पेशीपासून तयार होतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्याकडे पुरावा होता तो काचेच्या पट्टीवर रंग देऊन पाहिलेल्या पेशींचा. तसल्याच पट्ट्या पाहून दुसरे शास्त्रज्ञ म्हणत होते की, नाही, तांबड्यांची आई वेगळी आणि पांढऱ्यांची वेगळी. वाद अनेक दशकं चालला आणि मिटला नाही. मिटणारही नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची मूलपेशी म्हणजे एक साधी गोल पेशी. शेजारच्या पांढऱ्या पेशीहून वेगळी दिसत नाही. गर्दीतल्या माणसाच्या नुसत्या चेहऱ्यावरून त्याला किती नातवंडं होतील हे सांगता येत नाही, तसंच हे होतं.

तिल्लीवरच्या गाठी

हा वाद सुटायला सुरुवात झाली ती एका भयंकर घटनेनंतर. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. स्फोटातून वाचलेली अनेक माणसं पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्गानं मेली. किरणोत्सर्गानं त्यांचा अस्थिमज्जा जळाला होता. अस्थिमज्जा म्हणजे वेगळं काही नाही. नळी ताटावर ठोकून आपण जो मगज काढतो, तोच. रक्त तिथे तयार होतं. तो मेला की काही दिवसांतच रक्त संपायला लागतं.

पुढचं युद्ध अण्वस्त्रांचं असेल, या भीतीनं किरणोत्सर्गापासून वाचण्याचे उपाय शोधायला पैसा मिळू लागला. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी दाखवलं की, उंदराची तिल्ली, म्हणजे प्लीहा, शिशाच्या आवरणाखाली झाकून ठेवली तर एरवी मारक ठरणारा मारा झेलूनही उंदीर जगतो. १९५१ मध्ये इगॉन लोरेन्झ आणि सहकाऱ्यांनी मारा झालेल्या प्राण्यांना निरोगी अस्थिमज्जा टोचून वाचवलं. आता नवा प्रश्न उभा राहिला. वाचवलं कुणी? टोचलेल्या पेशींनी, की त्यातल्या एखाद्या रसायनानं?

इथे पहिला खरा ओळखपुरावा आला. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हारवेल इथे चार्ल्स फोर्ड आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांचा मज्जा वापरला, ज्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा वेगळ्या आकाराचं होतं. वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत पाहिलं, तर तेच वेगळं गुणसूत्र. म्हणजे दात्याच्या पेशी तिथे जाऊन वसल्या होत्या आणि वाढल्या होत्या. गावात आलेलं कुटुंब त्याच्या आडनावावरून ओळखावं, तसं.

पण त्या हजारो पेशींपैकी मूळची कोणती? हे उत्तर टोरंटोहून आलं. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅक्युलोच हे डॉक्टर, ही जोडी उंदरांना मारक किरणोत्सर्ग देऊन मोजून मज्जापेशी टोचत होती. दहा दिवसांनी तिल्ली उघडून पाहिली तर तिच्यावर छोट्या गाठी आल्या होत्या. मॅक्युलोच यांनी त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी. प्रमाण साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तरीही त्यांनी ‘आम्हाला मूलपेशी सापडली’ असं म्हटलं नाही. ‘वसाहत करणारा घटक’ असं कोरडं नाव दिलं.

त्यांचा संयम योग्य होता, कारण दोन गोष्टी अजून सिद्ध व्हायच्या होत्या. एक गाठ एकाच पेशीपासून झाली की पाच पेशींनी मिळून केली? त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर यानं दात्याच्या पेशींना थोडा किरणोत्सर्ग दिला. त्यामुळे काही पेशींची गुणसूत्रं तुटून वेडीवाकडी जुळली. प्रत्येकीची मोडतोड वेगळी. मग गाठ तपासली, तर तिच्यातल्या पेशींत एकच, तीच मोडतोड. एक गाठ, एक आई. हे १९६३ चं काम. त्याच वर्षी लुई सिमिनोविच यांच्यासोबत त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. गाठीतल्या पेशी नव्या उंदरांना टोचल्या, तर काही गाठींतून पुन्हा नव्या गाठी झाल्या. म्हणजे ती आई नुसती लेकरं जन्माला घालून संपली नव्हती. स्वतःसारखी दुसरी आईसुद्धा मागे ठेवत होती.

मूलपेशीची व्याख्या इथे पक्की झाली. ती स्वतःसारखी पेशी तयार करते आणि वेगळ्या, कामकरी पेशीही तयार करते. दोन्ही अटी कामाच्या आहेत, दिसण्याची एकही नाही. त्यामुळे मूलपेशी ओळखायची तर तिला काम करायला लावून, तिची संतती मोजूनच ओळखावी लागते.

आणि गंमत म्हणजे, ही परीक्षासुद्धा पुढे कच्ची ठरली. सुरुवातीच्या दिवसांत दिसणाऱ्या बहुतेक गाठी खऱ्या मूलपेशीच्या नसून तिच्या लेकीनातींच्या असतात, असं १९८० च्या दशकात लक्षात आलं. म्हणून परीक्षा आणखी कडक झाली. आज रक्ताच्या मूलपेशीला उंदराचं सगळं रक्त अनेक महिने चालवून दाखवावं लागतं, आणि त्या उंदराचा मज्जा दुसऱ्या उंदरात घातल्यावर पुन्हा तेच करून दाखवावं लागतं.

बिल्ला आणि माणूस

दर वेळी महिनोन्‌महिने थांबणं परवडत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी खुणा शोधल्या. पेशीच्या पृष्ठभागावर अनेक प्रथिनं असतात. एखाद्या प्रथिनाला नेमकं जाऊन चिकटणारं आणि चमकणारं प्रतिपिंड वापरलं की त्या पेशी उजळतात. स्टॅनफर्डच्या लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाअखेरीस अशा उजळलेल्या पेशी एकेक करून निवडणारं यंत्र तयार झालं. त्याच यंत्राच्या आधारानं १९८८ मध्ये अर्विंग वाइसमन यांच्या गटानं उंदराच्या रक्ताच्या मूलपेशी बऱ्याच शुद्ध स्वरूपात वेगळ्या केल्या.

आपाच्या फाईलमधली ‘सीडी ३४’ ही अशीच एक खूण. १९८४ मध्ये कर्ट सिव्हिन यांच्या गटानं ती माणसाच्या मज्जापेशींवर दाखवली. रक्ताच्या कर्करोगात मज्जा बदलताना ती फार उपयोगी पडते, यात शंका नाही. पण ती बिल्ला आहे. बिल्ला म्हणजे माणूस नव्हे. सीडी ३४ असलेल्या पेशींतही बहुतेक आधीच मार्गाला लागलेल्या असतात. खऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या मूलपेशी त्यांत थोड्याच. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवरही हीच खूण असते. आणि १९९६ मध्ये जपानच्या हिरोमित्सु नाकाउची यांच्या गटानं दाखवलं की, प्रौढ उंदरात दीर्घकाळ रक्त चालवणारी मूलपेशी सीडी ३४ नसलेली असते. त्यांनी एकेका उंदराला एकेकच पेशी टोचली आणि काही उंदरांचं रक्त त्या एका पेशीनं उभं केलं. माणसात जी खूण ‘आहे’ म्हणून शोधायची, तीच उंदरात ‘नाही’ म्हणून शोधायची.

हे वाचून मी पहिल्यांदा फाईल बाजूला ठेवली. रिपोर्ट खोटा नव्हता. तो एवढंच सांगत होता की नमुन्यात रक्ताशी संबंधित काही पेशी आहेत. भाच्याचा आजार मात्र रक्ताचा नव्हता.

डोळ्याच्या कडेला

रक्त वाहतं, टोचता येतं, मोजता येतं. घट्ट जागी बसलेल्या अवयवांत काय करायचं? त्वचेत आणि डोळ्यात दुसरी युक्ती वापरली गेली. वाढणाऱ्या पेशींना खूणपदार्थ द्यायचा. पेशी विभागताना तो डीएनएमध्ये जाऊन बसतो. मग आठवडेच्या आठवडे थांबायचं. भराभर विभागणाऱ्या पेशींत खूण पातळ होत जाऊन दिसेनाशी होते. क्वचित विभागणाऱ्या पेशींत ती टिकते. १९९० मध्ये जॉर्ज कॉत्सारेलिस, तुंग-तिएन सुन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांना उंदराच्या केसाच्या मुळाशेजारच्या एका फुगवट्यात अशा पेशी सापडल्या. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी डोळ्यातही त्या शोधल्या होत्या. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची आणि पांढऱ्या भागाची जिथे सीमा लागते, त्या कड्यात.

या कड्याचा पुरावा १९८६ मध्ये आणखी एका वाटेनं आला होता. पारदर्शक पटलाच्या सगळ्या पेशींत के३ नावाचं एक प्रथिन सापडतं, पण कड्यातल्या अगदी तळाच्या पेशींत ते नसतं. म्हणजे त्या अजून ‘तयार’ झालेल्या नाहीत. इथे ओळख झाली ती एका गोष्टीच्या अभावावरून.

चुना किंवा आम्ल डोळ्यात उडालं की हे कडं जळतं. पानाच्या चुन्याची पुडी दाबताना ती फुटून मुलांचे डोळे जाण्याचे प्रकार आपल्या देशात घडतात. कडं गेलं की पटलाची दुरुस्ती थांबते आणि पांढरा पडदा पसरतो. १९९७ मध्ये इटलीच्या ग्रात्सिएला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी चांगल्या डोळ्याच्या कड्यातला कणभर तुकडा प्रयोगशाळेत वाढवून दोन रुग्णांच्या जळालेल्या डोळ्यांवर लावला.

पुढचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. २०१० मध्ये या गटानं ११२ रुग्णांचे निकाल मांडले. लावलेल्या थरात मूलपेशी किती होत्या, हे त्यांनी आधी मोजून ठेवलं होतं. त्यासाठी त्यांनी पी६३ या खुणेचा आधार घेतला. पण ती खूण खऱ्या, पुन्हा पुन्हा वाढणाऱ्या वसाहतींशी आधीच पडताळून घेतलेली होती. जिथे असं प्रमाण ३ टक्क्यांहून जास्त होतं, तिथे ७८ टक्के रुग्णांत उपचार यशस्वी झाला. जिथे ३ टक्के किंवा कमी, तिथे फक्त ११ टक्के. वरून दोन्ही थर सारखेच दिसत होते. तपासणीचा फरक म्हणजे दृष्टी असणं आणि नसणं यांतला फरक होता.

आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याहून सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कड्यातून छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि त्याच शस्त्रक्रियेत जखमी डोळ्यावर ठेवायचे. पेशी प्रयोगशाळेऐवजी डोळ्यावरच वाढतात. महागड्या प्रयोगशाळेची गरज संपली. हे शक्य झालं, कारण मूलपेशी नेमकी कुठे राहते हे आधी नीट शोधलेलं होतं.

आतड्यातला शजरा

आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं. एवढ्या वेगानं नवं अस्तर विणणारी पेशी कुठे आहे? माँट्रियलच्या शार्ल लब्लाँ आणि हेझेल चेंग यांनी १९७४ मध्ये आतड्यातल्या सूक्ष्म खड्ड्यांच्या तळाशी असलेल्या बारीक पेशींकडे बोट दाखवलं. इंग्लंडच्या ख्रिस पॉटेन यांचा कौल तळापासून साधारण चौथ्या जागेवरच्या, खूण टिकवून ठेवणाऱ्या पेशींना होता. तीस वर्षं दोन्ही बाजू ठाम राहिल्या.

२००७ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी शजराच काढला. उंदराच्या जनुकांत अशी व्यवस्था केली की, तळाच्या पेशींत चालू असलेलं एलजीआर५ हे जनुक जिथे असेल, तिथे एक कळ कायमची दाबली जावी. त्यानंतर ती पेशी आणि तिची पुढची सारी संतती निळी दिसणार. काही दिवसांत तळापासून टोकापर्यंत निळ्या पट्ट्या चढल्या आणि ६० दिवसांनीही त्या तशाच होत्या. अस्तर तोवर कितीतरी वेळा बदललं होतं, पण घराणं तेच. २००९ मध्ये तोशिरो सातो यांनी अशी एकच पेशी बशीत वाढवून तिच्यापासून छोटं आतडंच तयार करून दाखवलं.

या पेशी जवळपास रोज विभागतात. म्हणजे ‘मूलपेशी ती, जी क्वचित विभागते’ हा केसांच्या मुळाशी उपयोगी पडलेला नियम इथे चालत नाही. नंतर असंही दिसलं की, या पेशी मुद्दाम मारल्या तर शेजारच्या काही पेशी मागे वळून त्यांची जागा घेतात. एका ऊतीचा कायदा दुसऱ्या ऊतीत लागू होत नाही.

स्नायू

आता भाच्याच्या दुखण्याकडे येतो. १९६१ मध्येच, टिल आणि मॅक्युलोच यांच्याच वर्षी, अलेक्झांडर माउरो यांनी बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी पाहिली. स्नायूच्या तंतूला चिकटून, त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या आत दडलेली. तिला त्यांनी उपग्रहासारखी म्हणून सॅटेलाइट सेल म्हटलं. ओळख होती ती फक्त जागेवरून. २००० मध्ये मायकेल रुडनिकी यांच्या गटानं पॅक्स७ या जनुकाचा आणि या पेशींचा संबंध दाखवला. पण कामाचा पुरावा २००५ मध्ये लंडनमध्ये मिळाला. एका तंतूसोबत जेमतेम सात सॅटेलाइट पेशी उंदराच्या स्नायूत ठेवल्या, तर शंभराहून जास्त नवे तंतू तयार झाले.

स्नायूची मूलपेशी ही अशी आहे. मग मज्जेतली पेशी स्नायू करते का? १९९८ मध्ये इटलीतल्या एका गटानं उंदरात मज्जेतल्या पेशी दुखावलेल्या स्नायूत पोहोचल्याचं दाखवलं आणि जगभर आशा पसरली. पण प्रमाण नगण्य होतं. माणसातलं एक उदाहरण २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. एका मुलाला तान्हेपणी दुसऱ्याच आजारासाठी निरोगी माणसाचा मज्जा दिला होता; पुढे बाराव्या वर्षी त्याला डुशेन असल्याचं कळलं. इतक्या वर्षांनी त्याच्या स्नायूत दात्याच्या पेशींची खूण शोधली, तेव्हा ती ०.५ ते ०.९ टक्के तंतूंत सापडली. हजारामागे पाच ते नऊ. आजार थांबायला एवढं पुरलं नाही. स्नायूच्याच पेशी दात्याकडून घेऊन टोचायचाही प्रयत्न झाला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ मुलांच्या दंडात सहा महिने दर महिन्याला अशा पेशी टोचल्या. ताकद वाढली नाही.

आणि आपाच्या फाईलमधल्या पेशी तर मुलाच्या स्वतःच्याच होत्या. त्यांतही डिस्ट्रोफिनचं तेच बिघडलेलं जनुक. त्या उद्या चमत्कारानं स्नायू झाल्या, तरी डिस्ट्रोफिन कुठून आणणार?

बॉम्बचं घड्याळ

माणसाच्या मेंदूत किंवा हृदयात जनुकांची कळ दाबता येत नाही. तिथे निसर्गानं नव्हे, माणसाच्याच एका पापानं साधन पुरवलं. १९५० च्या दशकापासून १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं आणि नंतर हळूहळू उतरत गेलं. ते पिकांत गेलं, अन्नातून आपल्यात आलं. पेशी जन्मते त्या वर्षीचं कार्बन तिच्या डीएनएमध्ये नोंदलं जातं. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं हे जन्मदाखले वाचले. २००९ मध्ये त्यांनी सांगितलं की, हृदयाच्या स्नायूपेशी पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का बदलतात आणि पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. २०१३ मध्ये मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी तयार होतात, असा त्यांचा अंदाज आला. तरी २०१८ मध्ये दोन नामांकित गटांनी महिनाभराच्या अंतरानं उलटसुलट निष्कर्ष छापले. एकाला प्रौढ मेंदूत नव्या पेशी सापडल्या नाहीत, दुसऱ्याला म्हातारपणापर्यंत सापडल्या. दोघांनीही मृत ऊतीतल्या खुणाच पाहिल्या होत्या.

हृदयाची गोष्ट अधिक कडू आहे. २००३ मध्ये पिएरो अँव्हर्सा यांच्या गटानं सी-किट ही खूण असलेल्या पेशी म्हणजे हृदयाच्या मूलपेशी, असा दावा केला. रुग्णांवर चाचण्याही झाल्या. २०१४ मध्ये दुसऱ्या गटानं उंदरात त्याच पेशींचा शजरा काढला, तर त्यांच्यापासून हृदयाचा स्नायू जवळपास होतच नव्हता. २०१८ मध्ये हार्वर्ड आणि तिथल्या संलग्न रुग्णालयानं त्या प्रयोगशाळेचे ३१ लेख मागे घेण्याची शिफारस केली. त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती असल्याचं कारण दिलं. पण एवढी वर्षं तो दावा टिकला, याचं एक कारण म्हणजे बिल्ल्यालाच माणूस समजलं गेलं.

प्लास्टिकला चिकटणाऱ्या पेशी

बाजारात सर्वांत जास्त विकल्या जातात त्या मज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या ‘मेझेन्कायमल’ पेशी. यांची सुरुवात मॉस्कोत अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांच्या प्रामाणिक कामातून झाली. १९७० च्या सुमारास त्यांनी दाखवलं की, मज्जेतल्या काही पेशी बशीला चिकटून वसाहती करतात आणि शरीरात ठेवल्यावर हाड तयार करतात. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अर्नॉल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेझेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव दिलं. २००६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं किमान कसोट्या ठरवल्या. पेशी प्लास्टिकला चिकटाव्यात, ठरावीक खुणा असाव्यात, काही नसाव्यात, आणि बशीत त्यांपासून हाड, चरबी आणि कूर्चा तयार व्हावी.

या कसोट्या बशीतल्या आहेत. एका पेशीचा शजरा, स्वतःची आवृत्ती मागे ठेवणं, शरीरात वर्षानुवर्षं टिकणं यांतलं काहीही त्यांत सक्तीचं नाही. २०१७ मध्ये कॅप्लन यांनी स्वतःच लिहिलं की, आता हे नाव बदला. या पेशी अवयव बांधत नाहीत, तर औषधासारखे स्राव सोडतात. नाव देणाऱ्यानं नाव परत मागितलं. बाजारानं दिलं नाही.

त्याच २०१७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं गेलं की, मान्यताप्राप्त मूलपेशी उपचार एकच आहे, रक्ताच्या विकारांसाठीचं मज्जेचं रोपण. बाकी सारं नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवं.

फाईलच्या मागच्या पानावर

आपाला हे सगळं सांगायला मला दोन दुपारी लागल्या. ती शाळा सातवीपर्यंत शिकली आहे, पण शजरा काय असतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. घराण्यातलं कोण कुणाचं, हे तिलाच विचारतात. ती म्हणाली, “मतलब शकल से नहीं, औलाद से पैचानते.” माझ्या दोन दुपारींचं सार तिनं एका वाक्यात केलं.

मग आम्ही फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर चार प्रश्न लिहिले. ही पेशी कोणत्या ऊतीची मूलपेशी आहे, आणि आजार कोणत्या ऊतीचा? ती मूलपेशी असल्याचं नुसत्या खुणेवरून ठरवलं, की तिचं काम पाहून? शरीरात घातल्यावर ती कुठे गेली, किती टिकली, हे कुणी आणि कसं तपासलं? ही नोंदणी झालेली चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक कोणता, आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे?

दाजींनी केंद्राला फोन केला. पहिल्या प्रश्नाला ‘स्टेम सेल सगळं काही बनवू शकते’ असं उत्तर आलं. चौथ्या प्रश्नावर ‘डॉक्टरसाहेब परत फोन करतील’ असं सांगितलं गेलं. तो फोन आला नाही.

आपाला मी कोणतीही खुशखबर देऊ शकलो नाही. आता भाच्याचा व्यायाम रोज होतो, स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर दिल्या जातात, वर्षातून एकदा हृदय आणि फुप्फुसं तपासली जातात. यातलं काहीच आजार उलटवत नाही. थोडा वेळ मिळवून देतं, एवढंच. जमीन विकली गेली नाही. त्या पैशांतला काही भाग घराच्या पायऱ्या काढून उतार बांधायला लागेल, असं दाजी म्हणत होते.

फाईल आपानं टाकून दिलेली नाही. कपाटात ठेवली आहे, मागचं पान वर करून. गेल्या महिन्यात तिच्या मोहल्ल्यातली एक बाई आपल्या आईच्या गुडघ्यांसाठी असलीच दुसरी फाईल घेऊन आली होती. आपानं तिला चहा दिला आणि ते पान उतरवून घ्यायला सांगितलं.